ओला रस्ता कुणाच्या बाजूनं रंगवायचा?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय साधा आहे. रात्र, पाऊस, शहर आणि रस्ता. हे चित्रात कसं आणायचं. ऐकून कुणालाही वाटेल, ह्या पोराचं डोकं फिरलंय. झोपड्यांत पाणी शिरतंय, ठेकेदार हजेऱ्या बुडवतोय आणि हा गोदीवाला पावसातल्या दिव्यांवर बोलायला उभा राहिलाय. वाटू द्या. हे भांडण मी सुरू केलेलं नाही. आपल्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी आपल्याच एका दोस्तानं चित्र दिलंय. तो नंबरप्लेटी रंगवतो, दुकानांच्या पाट्या लिहितो, ट्रकच्या फाळक्यावर कमळ नाहीतर वाघ काढून देतो. गोदीत फेकून दिलेल्या खोक्याच्या प्लायवर त्यानं हे चित्र केलंय. पी. डिमेलो रोड. रात्र. पाऊस नुकताच थांबलाय, वरच्या फ्रीवेच्या सांध्यांतून पाणी गळतंय आणि पुढं एक हातगाडीवाला वाकून गाडी रेटतोय. बस, एवढंच. यावर बैठकीत दोन तट पडले. काहीजण म्हणाले, हे पांढरपेशांचं चित्र आहे. यात घोषणा नाही, मूठ नाही, निळा झेंडा नाही. हे दिवाणखान्यात शोभेल. काहीजण म्हणाले, छान आहे, छापून टाका. मला दोघांचंही पटलं नाही. 'छान आहे' म्हणणारे तर जास्तच खटकले. म्हणून बोलतो.

माझी लायकी विचाराल तर दहावी पास. चित्रकलेच्या शाळेची पायरी चढलेलो नाही. कविता लिहितो आणि पोटासाठी जहाजावरचा माल उतरवतो. पण रात्रीचा ओला रस्ता या विषयात माझी हजेरी भरलेली आहे. जून ते सप्टेंबर रातपाळी लागली की येता-जाता दुसरं बघायला असतं काय?

तेव्हा आधी बघायला शिकू. बांधिलकीचं नंतर बोलू.

कोरडा डांबरी रस्ता दिव्याखाली राखाडी दिसतो. कारण डांबर खडबडीत असतं. खडीचा एकेक दाणा उजेड घेतो आणि चहूकडे उधळतो. थोडा तुमच्याकडे, थोडा माझ्याकडे, थोडा आभाळाकडे. पाऊस पडला की खडीमधल्या फटी पाण्यानं भरतात. वर पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो. मग उजेड उधळला जात नाही, आरशावरून परततो तसा एका बाजूला परततो. म्हणून ओला रस्ता एकाच वेळी जास्त काळाही होतो आणि जास्त चकचकीतही. जिथं दिव्याचं प्रतिबिंब तिथं झळाळी, बाकी सगळा अंधार. ज्याला हे कळलं नाही तो सगळा रस्ता सारखाच चमकवून ठेवतो, आणि मग तो रस्ता न दिसता तेल सांडलेली फरशी दिसते.

दुसरी गोष्ट. दिवा गोल असतो, पण रस्त्यावर त्याचं प्रतिबिंब गोल पडत नाही. त्याची उभी लांब पट्टी होते आणि ती पट्टी थेट बघणाऱ्याच्या पायाकडे धावत येते. तुम्ही चार पावलं बाजूला सरका, पट्टी तुमच्याबरोबर सरकते. रस्त्यावर शंभर माणसं उभी असली तर एका दिव्याच्या शंभर पट्ट्या, प्रत्येकाच्या पायाकडे एक. दुसऱ्याची पट्टी तुम्हाला दिसत नाही, तुमची त्याला दिसत नाही. आणखी असं, की उंचावरून, माडीवरून बघाल तर पट्टी आखूड आणि फिकी दिसते. खाली फुटपाथवर उकिडवे बसून बघाल तर तीच पट्टी लांबलचक आणि तेजदार. जितकी नजर रस्त्याच्या जवळ, तितका उजेड जास्त. हे मी मनाचं सांगत नाही. आज रात्री पाऊस आला तर उभं राहून बघा, मग बसून बघा.

हे ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं याच्यावर उभं आहे. ओल्या रस्त्याचं चित्र म्हणजे चित्रकार कुठं उभा होता याचा पुरावा. पट्ट्या बघून त्याची जागा शोधता येते, पंचनामा करतात तशी. उन्हातल्या चित्रात जागा लपवता येईल. पावसाळी रात्रीच्या चित्रात लपवता येत नाही.

तिसरी गोष्ट रंगांची. अंधूक उजेडात माणसाच्या डोळ्याला लाल रंग आधी मेल्यासारखा दिसतो, निळा मागं टिकून राहतो. पुर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे लिहून ठेवलंय. आम्हाला पुस्तकाची गरज नाही. जहाजाच्या अंगाचा तांबडा रंग रात्री काळा ठिक्कर दिसतो आणि निळी ताडपत्री लांबून ओळखू येते. झोपडीवरची निळी ताडपत्री तर सगळ्यांच्या ओळखीची. म्हणजे मुंबईच्या पावसाळी रात्रीत सगळ्यात उशिरापर्यंत दिसत राहणारा रंग कुठला, हे तुम्हीच सांगा.

आता चित्रकार. मी ही चित्रं मूळ बघितलेली नाहीत. वाचनालयातल्या पुस्तकांत बघितली, फोनवर मोठी करकरून बघितली. पण पंचनाम्याला तेवढं पुरतं.

जपानचा हिरोशिगे. साल १८५७. त्या वेळच्या एदो शहरातला, म्हणजे आजच्या टोकियोतला, शिन-ओहाशी पूल आणि संध्याकाळची अवचित सर. लाकडात कोरून कागदावर छापलेलं हे चित्र. पावसाच्या बारीक काळ्या रेघा, त्याही दोन वेगवेगळ्या तिरक्यांत कोरलेल्या, म्हणून पाऊस नुसता पडत नाही, झोडपतो. पुलावर माणसं पळतायत. कुणी छत्रीत घुसलंय, कुणी चटईसारखं काही डोक्यावर धरलंय. सगळ्यांची नजर त्यांच्यावर जाते. माझी खाली गेली. खाली नदीत एक माणूस ओंडक्यांचा तराफा बांबूनं रेटत चाललाय. पुलावरचे पळतायत, कारण त्यांना पळून कुठंतरी पोचता येतं. हा पळत नाही. हा कामावर आहे. त्याचा पाऊस वेगळा. व्हॅन गॉगनं १८८७ साली ह्याच चित्राची तेलरंगात नक्कल केली, तेव्हा तराफेवाला सोडला नाही. मला हे बरं वाटलं.

दुसरा ॲटकिन्सन ग्रिमशॉ. इंग्लंडातल्या लीड्सचा. रेल्वेत कारकून होता, १८६१ साली नोकरी सोडून चित्रांच्या मागं लागला. ह्यानं ओल्या रात्रीचं जे काही केलंय ते बघून मी हादरलो, कारण त्यानं रंगवलेत गोदीचे रस्ते. लिव्हरपूल, हल, ग्लासगो. एका बाजूला डोलकाठ्यांचं जंगल, एका बाजूला दुकानांच्या खिडक्यांतला गॅसचा पिवळा उजेड, मध्ये चिखलानं आणि पाण्यानं चमकणारा रस्ता. लिव्हरपूलच्या धक्क्याचं त्याचं १८८७ सालचं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. लिव्हरपूलचं आणि आपलं नातं जुनं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हा मुंबईहून गेलेल्या गाठी ह्याच लिव्हरपूलला उतरत होत्या. इथं त्या कुणाच्या पाठीवरून जहाजावर चढल्या, तिथं कुणाच्या पाठीवरून उतरल्या? चित्रात ओला रस्ता आहे, दुकानं आहेत, गाड्या आहेत, फिरणारी माणसं आहेत. आमचा माणूस मी शोधला. हा गोदीतला, असं म्हणून बोट ठेवावं असा एकही सापडला नाही. आहेत त्या काळ्या आकृती. आणि त्या चित्रानंतर दोनच वर्षांनी, १८८९ साली, लंडनच्या गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स मजुरीसाठी संप केला आणि जिंकला. चित्रात ज्यांना तोंड नव्हतं त्यांना रस्त्यावर उतरल्यावर तोंड फुटलं.

तिसरा कामीय पिसारो. हा तर विचारानं आपल्यातला, अराजकवादी. १८८९ साली त्यानं अठ्ठावीस रेखाटनांची एक वही केली, त्यात उपासमार, आत्महत्या, सावकारी, भांडवलशाहीची सगळी घाण आहे. त्याच माणसानं १८९७ साली पॅरिसमधला मोंमार्त्र बुलेव्हार रंगवला. डोळ्याच्या दुखण्यामुळे उघड्यावर उभं राहून रंगवणं त्याला जमेना, म्हणून हॉटेलात खोली घेऊन खिडकीतून त्यानं तो एकच रस्ता चौदा वेळा रंगवला. त्यातलं एकच चित्र रात्रीचं. ओला रस्ता, मधल्या खांबांवर विजेचे गार पांढरे दिवे, दुकानांतून सांडलेला पिवळा उजेड. हे चित्र त्यानं जिवंतपणी प्रदर्शनात मांडलं नाही, त्याच्यावर सहीसुद्धा केली नाही. चित्र जबरदस्त आहे, वाद नाही. पण पट्ट्या बघा. आखूड. वरून बघितलेल्या. माणसं म्हणजे रंगाचे ठिपके. त्याचा डोळा दुखत होता, मी त्याला बोल लावत नाही. एवढंच म्हणतो, की वही करताना तो माणसांच्या शेजारी होता आणि रात्र रंगवताना माडीवर होता. विचार कुठलेही असोत, शेवटी पायाखालची जागा चित्रात उतरते.

चौथा लेसर उरी. पावसाळी रात्रीचा रस्ता हाच ज्याचा गाव असा चित्रकार म्हणजे हा. १८६१ चा जन्म. ज्यू. बेकरीवाल्याचा पोरगा, लहानपणीच बाप गेला, आई बर्लिनला घेऊन आली, कापडवाल्याकडे उमेदवारी केली, ती सोडून चित्रकला शिकायला पळाला. त्यानं बर्लिनचे रस्ते रंगवले ते बहुतेक भिजलेले. उभ्या घोडागाड्या, दिव्यांच्या लांब पट्ट्या, छत्र्या घेतलेली काळी माणसं. आणि त्याच्या कितीतरी चित्रांत पट्टी लांब आहे, मित्रहो. हा खाली उभा होता. माणसांच्या उंचीवर. त्याच्या चित्रात बर्लिन झगमगतं, पण त्या झगमगाटात बघणाऱ्याला आत घेत नाही. दारात उभं करून ठेवतं. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तो १९३१ साली बर्लिनमध्येच मेला. पुढं दोनच वर्षांनी नाझी सत्तेवर आले आणि ज्या रस्त्यांवर तो उभा राहून बघत होता त्यांवरून त्याच्या जातभाईंना हाकललं.

हे झाले बाहेरचे. आता आपल्या मुंबईकडे येऊ.

काळ्या घोड्याच्या फुटपाथवर जा. मुंबईच्या पावसाची चित्रं विकायला लावलेली असतात. मी कष्टकरी चित्रकाराच्या पोटावर पाय देत नाही. तोही आपल्यासारखाच रोजच्या भाकरीसाठी रंग ओततो. पण गिऱ्हाइकाला काय हवंय ते बघा. व्हीटीचा घुमट, लाल बस, काळी-पिवळी टॅक्सी, आठ-दहा छत्र्या, छत्रीखाली पाय, आणि खाली चकाकणारा रस्ता. जुनी डबलडेकर आणि पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेल्या, चित्रांतून अजून गेल्या नाहीत. मी एकदा उभा राहून तोंडं मोजली. एक नाही! छत्रीच्या वरती शहर आहे, छत्रीच्या खाली पाय आहेत, मध्ये माणूस नाही. ह्या शहराला पाऊस हवा, दिवे हवेत, भिजलेली मुंबई भिंतीवर हवी, भिजणारा नको. 'छान आहे' म्हणणाऱ्या दोस्तांना मी हेच सांगतोय. आपल्या दोस्ताचं चित्र ह्यातलंच एक म्हणून छान वाटत असेल तर ते छापू नका.

आणि 'पांढरपेशं आहे' म्हणणाऱ्यांना आता सांगतो.

रस्ता आणि पाणी. आपल्या बापजाद्यांच्या लढाया कशासाठी झाल्या? ह्याच दोन गोष्टींसाठी. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवलंय, की पेशव्यांच्या राज्यात समोरून सवर्ण येत असला तर अस्पृश्यानं सार्वजनिक रस्ता वापरायचा नाही, का, तर त्याच्या सावलीचा विटाळ होतो. पुण्यात कमरेला झाडू बांधून आपलीच पावलं पुसत चालायचं, थुंकी पडू नये म्हणून गळ्यात मडकं. आणि १९२७ साली, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तर माणसांची डोकी फुटली आणि नंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं. सावली, पाऊल, पाणी, रस्ता. प्रत्येक गोष्टीवर त्यांचा पहारा.

आता रात्रीच्या पावसात भिजलेल्या रस्त्यावर या. इथं रस्ताही आहे आणि पाणीही. एक सूर्य नाही, म्हणून एक सावली नाही. चाळीस दिवे, प्रत्येक दिवा माणसाची वेगळी सावली पाडतो, एक पुढं, एक मागं, दोन बाजूला. तुमची सावली कुणाच्या अंगावर गेली आणि कुणाची तुमच्या अंगावर आली, हे ब्रह्मदेवाच्या बापाला मोजता येणार नाही. वर त्याच पाण्यात सगळ्यांची प्रतिबिंबं उलटी होऊन एकमेकांत मिसळलेली. मोटारीतल्या शेठचं आणि हातगाडीवाल्याचं. आमच्या माणसानं ह्या पाण्यात पाय ठेवून, ह्या रस्त्याच्या मधोमध, आपली सावली लांब पाडत गाडी रेटायची, आणि ते आमच्याच दोस्तानं रंगवायचं, याला तुम्ही घोषणा नाही म्हणता? मला तर ती बैठकीतल्या पाचशे घोषणांपेक्षा मोठी ऐकू येते.

त्यात हा रस्ता कुठला? आधी ह्याचं नाव फ्रिअर रोड. गोऱ्या गव्हर्नराचं. नंतर पी. डिमेलो रोड. डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी. रस्त्याला आमच्या पुढाऱ्याचं नाव आहे आणि रस्त्याच्या चित्रात आमचा माणूस नसावा, हे कसं चालेल? २०१३ साली ह्याच्या डोक्यावरून ईस्टर्न फ्रीवे सुरू झाला. वरून गाड्या जातात, खाली खांबांमध्ये लांबच लांब कोरडा पट्टा राहतो आणि पावसाळ्यात त्या कोरड्या पट्ट्यावर माणसं संसार मांडतात. दोस्तानं तो कोरडा पट्टा रंगवलाय. ओल्या रस्त्याच्या चित्रात कोरडी जागा कुणाला सापडली, हे दाखवायला नजर रस्त्यावरच वाढलेली लागते.

पण रस्त्यावरचा उजेडही सगळ्यांना सारखा मिळत नाही, त्याचं बोललं पाहिजे. दिवा बदलला की रात्र बदलते. ग्रिमशॉचा गॅस, पिसारोचे विजेचे दिवे. आपण लहान असताना मुंबईची रात्र सोडियमच्या दिव्यांनी पिवळी-नारिंगी होती. त्या उजेडात निळा शर्ट काळपट दिसायचा, लाल शर्ट मातकट दिसायचा, सगळी माणसं एकाच हळदीत बुडवून काढलेली. आता पांढरे एलईडी आलेत. पट्ट्या गार, निळसर झाल्यात. नव्या पोरांनी पावसाळी रात्र रंगवताना जुन्या चित्रांवरून सगळं पिवळं करू नये. डोळे उघडे ठेवून बाहेर जावं. कुठं पांढरा, कुठं पिवळा, कुठं चहाच्या टपरीचा एक बल्ब, आणि कुठं काहीच नाही, हे टिपावं. कारण काहीच नाही ही पण नोंद आहे. मोठ्या रस्त्यावरून आपल्या गल्लीत वळलं की पट्ट्या संपतात. पाणी तेवढंच असतं, दिवा नसतो. आणि फोनवर भरवसा ठेवू नका. आताचे फोन रात्रीचा फोटो काढताना अंधार स्वतःच उजळून टाकतात. आपली गल्लीसुद्धा त्यात दिवाळी असल्यासारखी दिसते. साला, यंत्रालासुद्धा आपला अंधार बघवत नाही.

२६ जुलै २००५ तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मी सात वर्षांचा होतो, आम्ही कुर्ल्याला मिठीच्या काठाला राहायचो. आईनं आम्हा भावंडांना पोटमाळ्यावर बसवलं होतं, खाली भांडी तरंगत होती. वीज गेलेली. मी फळीच्या फटीतून बाहेर बघत होतो. बाहेर एवढं पाणी, एवढं पाणी, आणि त्यात एक ठिपका उजेड नाही. पाणी दिसतच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. ते चित्र अजून कुणी काढलेलं मी बघितलेलं नाही. दिव्यांच्या पट्ट्यांशिवाय पावसाची रात्र रंगवायची झाली तर कशी रंगवायची? ज्याच्यात दम असेल त्यानं हे करून दाखवावं.

आणखी एक गोष्ट चित्रांतून कायम गायब असते. मॅनहोल. रस्त्यावर पाणी तुंबलं की झाकण काढावं लागतं. कमरेएवढ्या पाण्यात काठी घेऊन एक माणूस तिथं उभा राहतो, दुसऱ्या कुणी आत जाऊ नये म्हणून. तो बहुतेक वेळा कुणाच्या वस्तीतला असतो, हे ह्या सभेत सांगायला नको. हातानं मैला उपसायला लावण्यावर आणि विनासुरक्षा गटारात माणूस उतरवण्यावर बंदी आणणारे कायदे झाले. १९९३ चा एक, २०१३ चा एक. तरी माणसं उतरतात, गुदमरून मरतात, पेपरात चार ओळी येतात. चित्रकारानं नुसतं चित्रकार म्हणूनही बघावं: सगळा रस्ता दिवे परत देतो, ते एक गोल भोक देत नाही. तिथं उजेड आत जातो आणि परत येत नाही. ओल्या रस्त्याच्या चित्रात खरा काळा रंग लावायची तीच एक जागा.

काळ्या रंगाचं म्हणून सांगतो. आमचा पाटीवाला दोस्त रात्र रंगवताना डब्यातला काळा इनॅमल वापरत नाही. मी विचारलं, का रे, तुझ्याकडे तर डबेच्या डबे आहेत. तो म्हणाला, डब्यातला काळा मुका असतो, पाटीवरची अक्षरं लिहायला ठीक. रात्रीला तो निळ्यात भाजका तपकिरी मिसळून काळोख करतो. कुठं निळा जास्त, कुठं तपकिरी. म्हणून त्याच्या चित्रात अंधारातला माणूस अंधारात बुडत नाही. अंधाराची एक जात नसते, दहा छटा असतात, आणि त्या कळल्याशिवाय काळ्या माणसाचं तोंड रंगवता येत नाही. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवत कामाठीपुऱ्याची रात्र बघितली आणि १९७२ साली 'गोलपिठा' आला. त्यांनी ती रात्र माडीवरून बघितली नव्हती. सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात क्ष-किरणांचे डॉक्टर म्हणून नोकरी-व्यवसाय करत ह्या शहरातल्या कामकऱ्यांची शरीरं रंगवली. म्हणजे वाटा आहेत. आपण पहिले नाही.

आता कामाचं. आपल्या अंकाला पैसे किती असतात हे सगळ्यांना ठाऊक. चार रंगांचं मुखपृष्ठ परवडत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की दोस्तानं हेच चित्र लिनोवर कोरावं. चित्तप्रसाद हे नाव लिहून घ्या. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात हिंडून उपाशी माणसांची रेखाटनं केली. त्यांचं 'हंग्री बंगाल' ब्रिटिश सरकारनं जप्त करून जाळलं. पुढं ते मुंबईत, अंधेरीला राहिले आणि लिनो कोरत राहिले. का? लिनो स्वस्त. एकदा कोरला की पाचशे प्रती काढा, प्रेस नसली तरी रूळानं शाई लावून, कागद ठेवून, चमच्याच्या पाठीनं घासून छापता येतो. चित्र एका शेठच्या भिंतीवर जात नाही, पाचशे खोल्यांत जातं.

आणि रात्रीच्या पावसाला लिनोसारखं दुसरं माध्यम नाही. तेलरंगात आधी अंधार लावून वर उजेड चढवता येतो. लिनोत आख्खा तुकडा आधीच रात्र असतो. जेवढं खरवडून काढाल तेवढाच उजेड. दिव्याची पट्टी हवी, तर ती हातानं, जोर लावून, एक एक रेघ कोरून काढावी लागते. एकदा कोरलेलं परत भरता येत नाही. अक्षरं उलटी कोरावी लागतात, पण पाटीवाल्याला ते अवघड नाही, गाडीच्या काचेवर आतून लिहायची सवय आहे त्याला. काळी शाई एक, वर पिवळ्याचा एक हात फक्त टपरीच्या बल्बाला. दोन रंगांत काम भागतं.

मात्र माझ्या तीन मागण्या आहेत. चित्रकार मित्रा, तू समोरच बसलायस, ऐक.

एक. हातगाडीवाल्याचं तोंड आता छातीत गेलंय. वाकलेला माणूस तसाच दिसतो, हे मला मान्य, मीही वाकतो. पण समोरच्या टपरीचा उजेड त्याच्या कपाळावर, गालाच्या हाडावर पडू दे. तेवढं कोर. ते एक तोंड लिव्हरपूलपासून काळ्या घोड्यापर्यंत कुणी दाखवलेलं नाही.

दोन. पट्ट्या लांब ठेव. थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत आण. अंक हातात घेणाऱ्याच्या अंगठ्याशी त्या आल्या पाहिजेत, म्हणजे आपणही त्याच पाण्यात उभे आहोत हे त्याला कळेल.

तीन. डाव्या कोपऱ्यात एक उघडं मॅनहोल टाक. तिथं कोरू नकोस. तेवढी जागा अख्खी काळी सोड.

हे झालं तर मी हे चित्र मुखपृष्ठावर घ्या म्हणून हात वर करीन, आणि घोषणा नाही म्हणणाऱ्यांनी त्या काळ्या भोकाकडे बघून मग हात वर करायचा की नाही ते ठरवावं. बाकीच्यांनी नुसतं मत देऊन घरी जायचं नाही. लिनोचा तुकडा महाग नाही, कोरणी छत्रीची जुनी काडी घासूनही करता येते. ह्या पावसाळ्यात प्रत्येकानं आपल्या गल्लीतला एक रस्ता रात्री भिजत बघावा आणि कोरून आणावा. कुर्ला, गोवंडी, वडाळा, माटुंगा लेबर कॅम्प. कुठं दिवा आहे, कुठं नाही, दोन्ही आणा. पुढच्या अंकाच्या आतल्या पानांना तेच लावू.

जयभीम.